बंद ठेवलेला शब्द

हे नाव कागदावर उतरवण्याआधी मी डोरीनला विचारून आलो. ती झाडाखाली पत्ते खेळत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही की, मास्तर. आता ते मोकळं झालंय. परवा तर कुणीतरी कुत्र्याला तेच ठेवलं." तरीही लिहायला बसलो तेव्हा हात थांबला. केटल बोअर या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीच्या शाळेत मी, बाहेरचा गोरा माणूस, शिक्षक म्हणून आलो, इथेच निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. इतकी वर्षं राहून तुला इथलं नेमकं काय कळलं, असं कुणी विचारलं तर मी दुसरीकडे बघेन. पण हे नाव सहज घ्यायचं नसतं, एवढं माझ्या हाताला कळलेलं दिसतं.

तर, जॅक.

हे नाव त्याला आईबापांनी दिलेलं नव्हतं. पोरवयात तो ज्या गुरांच्या फार्मवर कामाला लागला, तिथल्या गोऱ्या मालकाला इथल्या माणसांची नावं उच्चारायचा कंटाळा होता. त्याने सगळ्यांनाच जॅक करून टाकलं. एक उंच जॅक, एक लंगडा जॅक आणि हा नुसता जॅक. "मालक फार कंजूष," तो हसत सांगायचा, "एका नावात तिघांना उरकलं." पुढे फार्म सुटला, मालक मेला, पण नाव अंगाला चिकटून राहिलं. आतलं खरं नावही होतं त्याला. ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही.

शाळेच्या ग्रंथालयात बसून आम्ही दोघं मुलांसाठी एक शब्दांचं पुस्तक करत होतो. आपल्या वस्तीत लोक इंग्रजी शब्द कसकसे वापरतात, याचं. कल्पना माझी, पण शब्द सगळे त्याचे. 'जॅक'वर आलो त्या दिवशी त्याने टेबलावर थाप मारली.

"हा माझा. याचं मी सांगणार, तू फक्त लिही."

मग तो सांगत गेला. चाक बदलताना गाडी उचलतो तो जॅक. पत्त्यांतला गुलाम, तोही जॅक. कुणी हट्टाने अडून बसलं, हलेना झालं, की तो 'जॅक अप' झाला. ॲलिस शहरातल्या क्लबात जुगाराच्या मशीनमधून नाणी धो धो पडली की जॅकपॉट. "माझं नाव असून मला एकदाही लागला नाही. लिही, तेपण लिही." मी खरंच लिहिलं. त्याच्या अंगातल्या जुन्या खाकी जॅकेटकडे बोट दाखवून मी म्हटलं, "आणि हे?" तो खूश झाला. "हां! मी आत, मी बाहेर."

त्याच उन्हाळ्यात तो गेला. दुपारी छातीत कळ आली. दवाखान्याच्या ओट्यावर, शहरात नेणाऱ्या डॉक्टरांच्या विमानाची वाट बघत बसला होता, बसल्या बसल्याच गेला.

आणि वस्तीतून तो शब्द गेला.

इथे मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं, आणि तो वाटेतून परत फिरतो. नावासारखा दुसरा कुठला शब्द असला तर तोही बंद. कुणी दवंडी पिटत नाही, पाटी लावत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर मुलगी विचारत होती, "थंडीचं हवंय का, मास्तर? निळं आलंय." पत्त्यांच्या झाडाखाली गुलाम टाकताना बायका म्हणू लागल्या, "हा घे पोरगा." शाळेत चौथीत जॅक्सन नावाचा मुलगा होता. तो कुमनजाई झाला. ज्याचं नाव घेता येत नाही अशा प्रत्येकाला हेच नाव, कुमनजाई. त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या वर्गात आधीच एक कुमनजाई होती.

आमच्या पुस्तकातलं ते पान मी बाजूला काढलं. पुस्तक तिथेच अडलं.

शब्द गेला म्हणतो खरा, पण मला वेगळंच जाणवायचं. कदाचित माझाच भ्रम असेल. बोलता बोलता माणूस त्या शब्दापाशी आला की थबके. डोळे खाली जात, ओठ मिटत, मग बाजूच्या वाटेने वाक्य पुढे जाई. त्या थबकण्यात जॅक उभा असे. जिवंतपणी तो दिवसातून एकदा भेटायचा. आता दुकानात, टायरपाशी, पत्त्यांत, थंडीच्या कपड्यांत, सगळीकडे होता.

त्याची बायको मर्टल. इथल्या लोकांनी फार पूर्वीच मला तिचा भाऊ ठरवून टाकलं आहे. वयाने मी मोठा, पण ती ताई. त्यामुळे तिच्या मुलीचा, लटिशाचा, मी मामा. इथे मामाला मान असतो आणि कामही असतं. भाचीला जे आईबाप सांगू शकत नाहीत ते मामाने सांगायचं. हे काम मला कधी नीट जमलं नाही.

नवरा गेला त्या दिवसापासून मर्टलने बोलणं सोडलं. रिवाजच आहे तसा. विधवा घर सोडते, वस्तीच्या पश्चिमेला दुखवट्याच्या तळावर राहायला जाते, आणि तोंडातून शब्द काढत नाही. हाताने बोलते. इथल्या बायकांचे हात इतकं बोलतात की त्यांची भांडणंसुद्धा आवाजाशिवाय होतात. मग एक दिवस थोरल्या बायका जमतात, तिच्या ओठांना खाणं लावतात, तोंड उघडतात, आणि ती परत माणसांत येते. तो दिवस कधी यायचा हे त्या बायका ठरवतात आणि ती स्वतः.

लटिशा तेव्हा विशीची होती, दवाखान्यात साफसफाई करायची. आईबापांना ती एकटीच. बाप गेल्यावर आठवड्याभराने माझ्याकडे आली होती.

"मामा, एकाच दिवशी माझे दोघं गेले."

"आई आहे ना गं."

"हात आहेत तिचे. आई कुठाय?"

मी चहा करायला उठलो. काय बोलायचं ते सुचत नसलं की मी चहा करतो.

पहिला हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दुसरा हिवाळा आला. मर्टलच्या बरोबर तळावर गेलेल्या दुसऱ्या एका विधवेचं तोंड उघडून झालं आणि ती पत्त्यांच्या झाडाखाली येऊन इतकी बडबडू लागली की डोरीनने तिला पत्ते फेकून मारले. मर्टल मात्र तिथेच.

डोरीन ही मर्टलची थोरली बहीण, म्हणजे लटिशाची मोठी आई. तोंड उघडायचं काम तिचंच. लटिशाने तिला त्या झाडाखालीच गाठलं. मी जवळच वाचत बसलो होतो, किंवा तसं दाखवत होतो.

"मोठ्या आई, कधी करायचं?"

"मी कधीची तयार आहे. तुझी आईच अडून बसलीये." पूर्वी यासाठी डोरीनकडे एक चांगला शब्द होता. तिथे ती थबकली, आणि पुढे गेली. "काल विचारायला गेले होते. नाही म्हणते."

"का?"

डोरीनने पत्ते पालथे ठेवले. मग तिने मर्टलचे हात करून दाखवले, सावकाश, एकेक खूण. लटिशाचा चेहरा बघून मला अर्थ लागत गेला. उरलेला डोरीनने तोंडाने सांगितला.

"तो गेलेला नाही. कुणीतरी त्याला हाक मारतंय. हाक आली की तो येतो, संध्याकाळचा, घराच्या बाजूने. मी बोलायला लागले, आणि त्याने उत्तर दिलं तर?"

पत्ते खेळणाऱ्या बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली.

"हे किती दिवस चालणार?" लटिशाचा आवाज चढला. "पश्चिमेकडच्या वस्तीतली ती विधवा म्हातारी मरेपर्यंत बोलली नाही. आईचं तसं झालं तर?"

"ओरडू नकोस. जो कुणी हाका मारतोय त्याने थांबवल्या की झालं."

लटिशा उठून निघून गेली. डोरीन माझ्याकडे वळली.

"ऐकलंस ना, मास्तर? का पुस्तकातच डोकं?"

"ऐकलं."

"मग जा. त्या क्वीन्सलंडवाल्याला सांग."

क्वीन्सलंडहून डॅरिल नावाचा नवा मेकॅनिक गॅरेजवर आला होता. त्याचा आवाज मोठा होता आणि गॅरेज तळापासून फार लांब नव्हतं. डोरीनचा तर्क सरळ होता. गाड्यांचं काम करणारा बाहेरचा माणूस, दिवसभर त्या अवजाराला नावानेच हाका मारत असणार.

"मीच जाऊ?"

"मग काय कुत्र्याला पाठवू? गोऱ्याशी गोऱ्याने बोलावं. आणि तू त्या मुलीचा मामा आहेस."

गॅरेजपर्यंत जाताना मी वाक्यं जुळवली आणि मोडली. डॅरिल एका गाडीखाली आडवा होता, फक्त बूट दिसत होते. मी बुटांशी बोलायला सुरुवात केली.

"डॅरिल, एक विचारायचं होतं. म्हणजे सांगायचं होतं. ते तुम्ही... गाडी उचलायला जे वापरता..."

"कोण, उंच मावशी?" गाडीखालून आवाज आला.

"काय?"

तो घसरत बाहेर आला. तोंडभर ग्रीस. "अहो मास्तर, पहिल्याच आठवड्यात पोरांनी शिकवलं मला. तो शब्द तोंडातून गेला की सगळे पाने खाली टाकून बाहेर. काम काय मी एकट्याने करू? म्हणून तिचं नाव उंच मावशी, आणि ती बसकी आहे ती छोटी मावशी. परवा फोनवर बायकोला म्हटलं, दिवसभर मावशीबरोबर होतो. ती म्हणाली, कोण ही सटवी?"

मी हसलो. इतका वेळ धास्तावलो होतो की जरा जास्तच हसलो. "मग तुम्ही तो शब्द..."

"नाही हो. वर्ष होईल." त्याने हात पुसले. "इथे तो शब्द बोलणारं एकच माणूस आहे, आणि ते मी नाही."

"कोण?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. दोन खिळे होते. एकावर काही नव्हतं.

"लटिशा. दर दोन-चार दिवसांनी येते. उंचवाली मागते, संध्याकाळी नेते, सकाळी परत आणून टांगते. पहिल्यांदा मी म्हटलं, तुझी गाडी कुठली? म्हणाली, पंक्चर आहे. मी म्हटलं, पंक्चर असेल, पण गाडी कुठाय? तेव्हा नुसती बघत राहिली. पुढे नाही विचारलं मी." तो जरा थांबला. "मावशी म्हणत नाही ती. नावाने मागते. पोरं निघून गेल्यावर, अगदी हळू. दोनदा म्हणते. मी ऐकलं नाही असं वाटून दुसऱ्यांदा म्हणते, असं समजायचो मी आधी."

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. डोरीनला जाऊन सांगायला हवं होतं. पण माझे पाय तळाकडे वळले.

विधवेच्या तळावर पुरुषाने जवळ जायचं नसतं. भाऊ म्हणून मला फांद्यांच्या आडोशाबाहेर, थोडं अंतर ठेवून, तिच्याकडे अर्धी पाठ करून बसता येई. मर्टलने केस कापले होते ते बोटभर वाढले होते, कपाळावर पांढरी माती होती. तिने माझ्याकडे एक डबा सरकवला, त्यात चहा होता. मी प्यालो.

"ताई," मी म्हटलं, "मी गॅरेजवर गेलो होतो."

तिचे हात हलले. मला हातांची भाषा अर्धीमुर्धीच येते, आणि म्हातारपणी नजरही अधू झाली आहे. तिने तेच पुन्हा केलं, लहान मुलाला दाखवावं तसं. मुलगी. तोंड. बाप. मग दोन बोटं वाळूवरून चालत आली, तिच्या गुडघ्यापाशी येऊन थांबली.

"तुला माहीत होतं?"

तिने मान हलवली नाही. त्याची गरज नव्हती.

"मग तिला सांगत का नाहीस, थांब म्हणून?"

मग तिने स्वतःचे ओठ चिमटीत धरले आणि सोडले. वस्तीकडे बोट केलं, आणि ओंजळ करून ती उलटी केली. ओंजळीतून काही पडलं नाही. मला समजलं ते असं, चुकलं असेल तर चूक माझी: माझा आवाज तिच्याकडून गेलाच आहे. हेपण काढून घेऊ?

म्हणजे आई बोलत नाही म्हणून मुलगी बापाला बोलवत होती, आणि बाप येतो म्हणून आई बोलत नव्हती. मी ग्रंथालयात बसून इतकी वर्षं शब्दांचे अर्थ लावले. हे माझ्यासमोर, दोन हाकांच्या अंतरावर चाललं होतं.

उठलो तेव्हा सूर्य टेकडीला लागला होता. त्यांच्या जुन्या घराच्या बाजूने आवाज आला.

टक्.

तो आवाज मी त्या हिवाळ्यात आधीही ऐकला होता. संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना. लोखंडावर लोखंड, थांबून थांबून. दर वेळी मी किल्ली फिरवून, मान खाली घालून घरी गेलो होतो. सगळी वस्तीच ऐकत होती, आणि त्या वेळी पोरांना आत घेत होती. मर्टलने डोळे मिटले.

ते घर जॅक गेल्यापासून बंद होतं. त्याने परत येऊ नये म्हणून आत धूर केला होता, अंगण फांद्यांनी झाडून त्याच्या पावलांच्या खुणा पुसल्या होत्या. त्याची टोयोटा लांब दक्षिणेकडच्या नातेवाइकांना देऊन टाकली होती, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. ती जिथे उभी असायची तिथे तांबड्या वाळूवर तेलाचा काळा डाग होता.

त्या डागावर लटिशा उभी होती. समोर तो उंच जॅक, खाली फळीचा तुकडा, वर काहीही नाही. ती दांडा दाबायची. टक्. खाच एक वर चढायची. मग ती वाकून, अगदी हळू, नाव घ्यायची. पुन्हा दांडा. टक्. पुन्हा नाव. मोकळ्या हवेला ती एकेक खाच उचलत होती.

मी कुंपणाच्या तारेपाशी उभा राहिलो. मामा म्हणून काय बोलायला हवं ते मला माहीत होतं. तोंडातून भलतंच आलं.

"लटिशा, थंडी पडलीये गं."

ती दचकली नाही. "मामा, ये ना. धर हे."

"नको."

"धर तरी. मी खोटं सांगत नाहीये. सुरुवातीला हलका असतो, नुसता खेळल्यासारखा. मग नाव घेत घेत वर नेला ना, की दांडा जड होतो. कुणीतरी वर येऊन बसल्यासारखा. बघ."

मी तारेखालून वाकून आत गेलो. कशासाठी गेलो, आज सांगता येणार नाही. तिने माझे हात दांड्यावर ठेवले. लोखंड गार होतं. मी दाबला.

जड होता. पण माझे हात सत्तरीचे. मला पाण्याची बादलीसुद्धा जड लागते. मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

"लागलं ना?" तिचे डोळे चमकत होते. "बाबा आहेत."

"आई तळावर बसून ऐकतेय, लटिशा. सगळं. पहिल्यापासून."

तिचा हात दांड्यावरच राहिला.

"तू बोलावतेस म्हणून ते जात नाहीत. ते आहेत तोवर ती बोलणार नाही. ती बोलली आणि ते उत्तर द्यायला लागले, तर? तिला ती भीती आहे."

"मग तिने मला सांगायचं! हाताने सांगायचं. सगळं सांगते हाताने, चहात साखर कमी आहे हेपण सांगते!"

"ती नाही सांगणार. तुझ्याकडे दुसरं काही उरलं नाही, असं वाटतं तिला."

मग तिने ओठ घट्ट मिटले, आणि जिद्दीने आणखी एकदा दांडा दाबला. टक्. नाव मात्र घेतलं नाही. तो आवाज एकटाच वाळूवर गेला आणि कुणी तो उचलला नाही.

"मी सोडलं तर पडतील ते," ती म्हणाली. "इतक्या वर आणलंय."

तेव्हा मला जाणवलं की आमच्या मागे कुणीतरी उभं आहे. मी वळलो नाही. आधी मला जे वाटलं ते लिहायचीही भीती वाटते. पण पावलं अनवाणी होती, बायकी होती, आणि वाळूवर घासत येत होती. मर्टल तळ सोडून आली होती. ती त्या घराच्या अंगणात पाय ठेवणार नाही असंच सगळे धरून चालले होते. रिवाज मोडत होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मी बाजूला झालो.

ती मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली. लटिशाच्या हातांवरून तिचे हात दांड्यावर आले. एका हाताने तिने खालची कळ फिरवली, त्याने जॅक उतरायला लागतो. मग मुलीच्या दंडावर बोटांनी काहीतरी सांगितलं. मला दिसलं नाही. लटिशा रडायला लागली, तोंड मिटून.

मर्टलने दांडा दाबला. टक्. एक खाच खाली. दोघी थांबल्या. मग पुन्हा. कुणी घाई केली नाही. झोपलेल्या मुलाला कडेवरून अंथरुणावर ठेवावं, तसा त्यांनी तो उतरवला. शेवटची खाच आली तेव्हा अंधारायला लागलं होतं. वस्तीतली कुत्री इतका वेळ गप्प होती. त्यांतलं एक भुंकलं, मग सगळीच भुंकली, आणि भुंकणं दक्षिणेकडे, रस्त्याच्या दिशेने सरकत गेलं आणि विरलं.

दुसऱ्या दिवशी मी डॅरिलकडे गेलो तर उंच मावशी खिळ्यावर टांगलेली होती. लटिशा त्यानंतर ती मागायला गेली नाही. ती संध्याकाळी तळावर जाऊन बसू लागली. तिचे हातही बोलू लागले. आधी ती हाताच्या खुणांना तोंडाने उत्तरं द्यायची, मुद्दाम, मोठ्याने. आता दोघी फांद्यांच्या आडोशाशी बसून न बोलता भांडत, न बोलता हसत. लांबून बघणाऱ्याला वाटावं दोघी मिळून हवेत काहीतरी विणताहेत.

थंडी सरताना डोरीनने निरोप धाडला. "ये, मास्तर. लांब बस, आणि पुस्तक आणू नकोस."

सकाळची वेळ होती. पुरुष एका बाजूला, पाठ करून. मी भाऊ म्हणून जरा पुढे. थोरल्या बायकांनी मर्टलच्या कपाळाची माती धुतली. राखेत भाजलेल्या भाकरीचा तुकडा आणि कांगारूच्या शेपटाचं मांस डोरीनने तिच्या ओठांना लावलं, मग चावायला दिलं. लटिशा समोर गुडघ्यांवर बसली होती. दोन हिवाळे ती या क्षणाची वाट बघत होती. तिने श्वास रोखला होता, ते मला तिच्या पाठीवरून दिसत होतं.

मर्टलने घास गिळला. तोंड उघडलं. काही आलं नाही. ती खोकली, घसा साफ केला, आणि डोरीनला म्हणाली,

"सरक जरा. ऊन येतंय डोळ्यांत."

आवाज तिचा नव्हता.

वापरला नाही की गळ्याला गंज चढतो, आवाज खर्जात उतरतो, हे मला माहीत आहे. विधवांचे आवाज सुरुवातीला घोगरे येतात, सगळेच सांगतात. मी स्वतःला तेच सांगत होतो. पण ग्रंथालयाच्या टेबलापलीकडून तो आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला होता. जाडा, थोडा हसरा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. डोरीनचा हात हवेत राहिला. पुरुषांतले दोघं-तिघं वळून बघायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. ज्या शब्दापाशी सगळे थबकले होते, तो शब्द कुठला हे सगळ्यांना माहीत होतं.

लटिशा उठून उभी राहिली. मला वाटलं ती पळेल. मीही उठलो, मामा म्हणून, काही उपयोग नसताना.

मर्टलनेही ऐकला होता तो आवाज. तिने गळ्याला हात लावला, आणि घाबरून मुलीकडे बघितलं.

"लटिशा?" ती त्याच आवाजात म्हणाली.

लटिशा खाली बसली. आईच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून. तिने डोळे मिटले.

"बोल, आई."

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नकोस."

मग मर्टल बोलत राहिली. पीठ संपत आलंय. तळावरचं मोठं पातेलं कुणीतरी नेलं आणि परत दिलं नाही. डोरीन म्हातारी झाली. तू किती वाळलीस गं, दवाखान्यात जेवायला देत नाहीत का? त्या जाड्या, खालच्या आवाजात ही सगळी आईची वाक्यं येत होती. लटिशा प्रत्येक वाक्यानंतर हुंकार देत होती, लहान मूल गोष्ट ऐकताना देतं तसा. ऊन वर चढलं, बायका उठून भाकऱ्या वाटायला लागल्या, पोरं खेळायला गेली. लटिशाने डोळे उघडले नाहीत.